मीटर बदललं, आता कोडिंगचं काय? गाडीच्या मीटरचं प्रोग्रॅमिंग, अगदी पहिल्या फोटोपासून

पावसाळा सुरू झाला की माझ्याकडे मीटरची कामं एकदम वाढतात. नाशिकच्या सातपूरला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं वर्कशॉप आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीकडून, कसारा घाटातून भिजत आलेल्या गाड्या बघितल्या की मला आधीच कळतं काय झालंय ते. पुढच्या काचेचं रबर जुनं झालेलं असतं, पाणी डॅशबोर्डच्या आतून झिरपत येतं आणि बरोबर मीटरच्या मागच्या कपलरवर टपकतं. मग काटे नाचतात, डिस्प्ले गायब होतो, कधी गाडीच स्टार्ट होत नाही. मालक सेकंडहँड मीटर घेऊन येतो आणि म्हणतो, "दादा, एवढं लावून द्या, दोन स्क्रूचं तर काम आहे."

स्क्रू काढायला खरंच दहा मिनिटं लागतात हो, पण मीटर म्हणजे आता बल्बचा डबा राहिलेला नाही. त्यात गाडीचे किलोमीटर असतात, कोणतं इंजिन, केवढी टाकी, केवढा टायर हे असतं (यालाच आम्ही कोडिंग म्हणतो), आणि काही गाड्यांत चावीची ओळखसुद्धा त्यातच असते. म्हणून मी माझ्याकडच्या पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो, मीटरमधलं सगळं आधी वाचून ठेवायचं आणि मगच त्यात काही लिहायचं, आणि जुनं मीटर कितीही मेलेलं दिसलं तरी भंगारात टाकायचं नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

मीटरच खराब आहे का ते आधी बघा

माझ्याकडे मीटर गेलं म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत मीटर चांगलं असतं. फ्यूज बघा, बॅटरीची टर्मिनलं बघा, डॅशबोर्डच्या आतला अर्थिंगचा बोल्ट सैल आहे का गंजलाय ते बघा. त्यानंतर स्कॅनर लावा. सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, बोलतायत आणि फक्त मीटर बोलत नाही, इंजिनमध्ये यू०१५५ कोड आलाय, म्हणजे मीटरशी संपर्क तुटलाय, तर शंका मीटरवर किंवा त्याच्या वायरिंगवर. पण कुणीच कुणाशी बोलत नसेल तर या मॉड्यूलना जोडणारी दोन वायरींची लाईन बघायची. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतो त्या) ६ आणि १४ नंबर पिनमध्ये मल्टीमीटरने ओहम मोजा, साधारण ६० आले तर लाईन ठीक, कारण दोन टोकांना १२०-१२० चे दोन रेझिस्टर असतात आणि ते पॅरलल होतात. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. यात एक गोम आहे, काही गाड्यांत मीटर स्वतःच त्यातलं एक टोक असतं, म्हणजे मीटर बाहेर काढून मोजलं तर १२० दिसणारच, घाबरू नका. आणि ज्या गाडीत सॉकेट आणि आतली लाईन यांच्यामध्ये गेटवे नावाचं मॉड्यूल बसवलंय तिथे सॉकेटवरून आतली लाईन दिसत नाही, तिथे मीटरच्या कपलरवरच मोजावं लागतं.

गाडीला हात लावायच्या आधी

फोटो काढा. इग्निशन ऑन करून मीटरचा, किलोमीटर स्पष्ट दिसतील असा, पेटलेल्या सगळ्या वॉर्निंग लाईट्ससकट. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा चेसिस नंबर जुळवा, १७ अक्षरं-आकडे असतात, एकेक करून जुळवा, नुसती नजर फिरवू नका. डिस्प्लेच मेला असेल तर किलोमीटर स्कॅनरमधून शोधा. बऱ्याच गाड्यांत ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा बीसीएमकडे (बॉडीचा कॉम्प्युटर) त्याची नोंद असते, आणि जुने फॉल्ट कोड साठवले जातात तेव्हा काही गाड्या त्यासोबत तेव्हाचं रीडिंगही ठेवतात. त्याला शेवटच्या सर्व्हिसच्या बिलाची जोड द्या. हे रीडिंग जॉब कार्डवर लिहून मालकाची सही घ्या, पुढे याचं काम पडणार आहे.

मग स्कॅनरने मीटरचा सध्याचा कोडिंग नंबर, पार्ट नंबर, सॉफ्टवेअर नंबर, अ‍ॅडॉप्टेशनच्या (गाडीप्रमाणे जुळवलेल्या सेटिंगच्या) सगळ्या व्हॅल्यू, जे जे दिसेल त्या प्रत्येक स्क्रीनचा फोटो. कंटाळा येतो, मला माहितीये, पण नंतर अडकलात की हेच फोटो वाचवतात.

बॅटरी

या एका गोष्टीवर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझं हात पोळलेलं प्रकरण आहे. काही वर्षांपूर्वी एका गाडीच्या मीटरमध्ये सॉफ्टवेअर टाकत होतो, बॅटरी जुनी होती, म्हटलं पाच मिनिटांचं काम आहे. मध्येच रेडिएटरचा फॅन सुरू झाला, व्होल्टेज खाली गेलं, लॅपटॉपवर एरर, आणि मीटर पूर्ण काळं. चालू मीटर होतं ते. दोन रात्री टेबलावर बसून, मेमरीची आयसी (चिप) काढून, परत फाईल टाकून जिवंत केलं, आणि जिवंत झालं ते फक्त मी आधी मूळ फाईल वाचून ठेवली होती म्हणून. त्या गाडीचे मालक काका रोज संध्याकाळी येऊन काही न बोलता बाकड्यावर बसायचे, ते मला अजून आठवतं.

तर फुल चार्ज झालेली, थोडा वेळ आराम केलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर प्रोग्रॅमिंगला हातच लावू नका. स्थिर व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय जोडा आणि साधारण १३ ते १३.५ वर धरून ठेवा. साधा गॅरेजचा चार्जर चालत नाही, त्याचं व्होल्टेज वरखाली होतं. एसी, ब्लोअर, हेडलाईट, म्युझिक सिस्टिम सगळं बंद. लॅपटॉप चार्जरला लावलेला, स्लीप मोड बंद केलेला. आमच्या एमआयडीसीत पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून माझा सप्लाय इन्व्हर्टरवर आहे.

मीटर काढताना

चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, त्याच्या मॉड्यूलमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो, तेवढा उतरू द्या. स्टिअरिंग पूर्ण खाली घ्या, मीटरच्या भोवतीचा ट्रिम प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा, स्क्रूड्रायव्हरने नको, ओरखडे पडतात आणि गिऱ्हाईक ते पहिलं बघतं. स्क्रू काढले की मीटर थोडं पुढे ओढा, मागच्या कपलरला लॉकची दांडी असते ती दाबूनच काढा. कपलरमध्ये टॉर्च मारून बघा, पिनांवर हिरवा गंज दिसला तर नवीन मीटरसुद्धा त्याच कपलरमुळे महिन्याभरात जाणार, आधी ते साफ करा आणि पाणी कुठून येतंय ते बंद करा.

तीन वेगळी कामं, तिघांची रीत वेगळी

इथे बरेच जण गोंधळतात. तुमचंच मीटर दुरुस्त करून परत बसवताय का, कंपनीचं नवं बसवताय का, सेकंडहँड बसवताय, यावर सगळं अवलंबून आहे.

तुमचंच मीटर दुरुस्त झालं, म्हणजे सॉल्डरिंग, डिस्प्ले, काट्याची मोटर वगैरे, तर मेमरीला हात लागलेला नाही. कोडिंग करायची गरज नाही, फक्त काटे बरोबर बसवायचे आणि फॉल्ट कोड क्लिअर करायचे. शक्य असेल तिथे मी हाच रस्ता सुचवतो. स्वस्त पडतं म्हणून तर आहेच, पण गाडीची स्वतःची मेमरी तिच्याजवळ राहते ही त्याहून मोठी गोष्ट.

कंपनीचं नवं मीटर चेसिस नंबर सांगूनच मागवा. ते बहुतेक कोरं येतं. त्याला गाडीचा चेसिस नंबर आणि कोडिंग द्यावं लागतं, आजकालच्या बऱ्याच गाड्यांत हे कंपनीच्या सर्व्हरला जोडूनच होतं, म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा ज्याच्याकडे ते लायसन आहे त्याच्याकडे जावं लागतं. जुने किलोमीटर नव्या मीटरमध्ये टाकायची सोय काही गाड्यांत एकदाच मिळते आणि आकडा एकदा टाकला की परत बदलता येत नाही. त्यामुळे एंटर दाबायच्या आधी जॉब कार्डवरचा आकडा मोठ्याने वाचा, दुसऱ्या माणसाला स्क्रीन बघायला लावा. जिथे ही सोयच नाही तिथे मीटर शून्यापासून चालू होतं, तेव्हा बिलावर "मीटर बदलताना गाडीचे रीडिंग इतके इतके" असं तारखेसकट लिहून द्यायचं.

सेकंडहँड मीटर म्हणजे दुसऱ्या गाडीचे किलोमीटर, दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर आणि कदाचित दुसऱ्या गाडीची चावी. हेच काम सगळ्यात जास्त येतं आणि हेच सगळ्यात जास्त बिघडवलं जातं.

जुन्या मीटरची मेमरी वाचणं

सेकंडहँड घेताना मीटर दिसायला सारखं आहे एवढ्यावर जाऊ नका, मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे, जमलं तर हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबरही. तसं जुळलं तर जुन्या मीटरची पूर्ण मेमरी जशीच्या तशी नव्यात टाकली की किलोमीटर, कोडिंग, चावी सगळं एकदम येतं.

बोर्डावर बघा, आठ पायांची छोटी मेमरी आयसी असते, २४ सिरीजची, ९३ सिरीजची किंवा ९५ सिरीजची. २४सी१६ असेल तर फाईल २०४८ बाईटची येते, ९३सी५६ असेल तर २५६ बाईटची, साईझ वेगळी आली तर प्रोग्रॅमरमध्ये, म्हणजे आयसी वाचायच्या-लिहायच्या यंत्रात, आयसी चुकीची निवडलीये. काही मीटरमध्ये वेगळी आयसीच नसते, सगळं मुख्य प्रोसेसरच्या आत असतं, त्याला वेगळं टूल लागतं आणि अर्धवट माहितीवर तिथे हात घातला तर प्रोसेसर लॉक होऊ शकतो. तसलं मीटर असेल तर ज्याचं रोजचं तेच काम आहे अशा माणसाकडे पाठवा, मीही पाठवतो.

क्लिप लावून बोर्डावरच वाचायचा मोह होतो. कधी कधी जमतंही. पण क्लिपमधून दिलेल्या करंटने प्रोसेसरही अर्धवट जागा होतो आणि त्याच आयसीशी बोलायला लागतो, मग फाईल प्रत्येक वेळी वेगळी येते, आणि वाईट म्हणजे कधी आतला डेटाच खराब होतो. म्हणून मी आयसी काढूनच वाचतो. आधी भिंगाखाली फोटो, एक नंबरच्या पायाचा ठिपका कुठल्या बाजूला आहे तो दिसला पाहिजे. शेजारच्या प्लास्टिकला कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी), फ्लक्स, हॉट एअर गनने दोन्ही बाजूंनी हळूहळू. पाणी गेलेल्या मीटरमध्ये आयसीच्या पोटाखाली हिरवट पांढरी बुरशीसारखी गंजाची साय असते, आयसी उचलल्याशिवाय ती दिसतच नाही. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रशने ती साफ केली की कित्येकदा "मेलेलं" मीटर तिथेच चालू होतं आणि सेकंडहँड मीटर परत करता येतं.

प्रोग्रॅमरचं व्होल्टेज बघा, आयसी किती व्होल्टची आहे आणि तुमचा प्रोग्रॅमर किती देतो, स्वस्तातल्या प्रोग्रॅमरमध्ये ३.३ आणि ५ चा घोळ असतो. ९३ सिरीजमध्ये अजून एक, ती ८ बिटने वाचली का १६ बिटने यावर फाईलमधले बाईट उलटसुलट दिसतात, तर जशी वाचली तशीच लिहा. तीन वेळा वाचा आणि तिन्ही फाईली कंपेअर करा, एका बाईटचाही फरक असेल तर वाचन चुकलंय. सगळीकडे एफएफ किंवा सगळीकडे शून्य दिसलं तर तेही चुकलंय. बरोबर आली की नाव द्या, गाडी नंबर, तारीख, आयसी नंबर, आणि शेवटी "मूळ". दोन ठिकाणी सेव्ह. सेकंडहँड मीटरची फाईलही तशीच वाचून ठेवा, काही बिनसलं तर निदान ते मीटर होतं तसं परत करता येईल.

मग जुनी फाईल नव्यात लिहा, व्हेरिफाय करा, किंवा सरळ जुनी आयसीच नव्या बोर्डावर लावा, मला हे दुसरं जास्त आवडतं. फाईल उघडून हाताने आकडे बदलायला जाऊ नका. किलोमीटर बऱ्याचदा एकाच जागी नसतात, अनेक जागी कॉपी असतात, चेकसम (डेटा बरोबर आहे का ते तपासणारा आकडा) असतो, एक बाईट इकडेतिकडे झाला की डिस्प्लेवर नुसत्या रेषा किंवा एरर.

आणि इथेच तो प्रश्न येतो. मागच्याच सीझनला पिंपळगाव बसवंतकडचे एक काका पिकअप घेऊन आले होते, द्राक्षाची गाडी, दीड लाखाच्या वर चाललेली. आयसी हातात असताना म्हणाले, "दादा, उघडलंच आहे तर थोडे कमी करून टाका ना, दिवाळीनंतर विकायचीये." मी म्हटलं, "काका, ते माझ्याकडून होणार नाही. जो घेईल तो टायमिंग बेल्ट कधी बदलायचा ते याच आकड्यावर ठरवणार, आणि बेल्ट घाटात तुटला तर इंजिन गेलं, कदाचित माणूसही." गप्प बसले, मग म्हणाले बरोबर आहे. रीडिंग कमी करून गाडी विकणं ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे, आणि ईसीएम-बीसीएममध्ये जुना आकडा राहतो म्हणून पकडलंही जातं. माझ्या दुकानात मीटरवर तोच आकडा येतो जो गाडीने खरा चाललाय. मीटर महिनाभर बंद होतं आणि गाडी चालत राहिली, तर तेवढंही मी बिलावर लिहून देतो.

कोडिंग आणि चावी

जुन्या मीटरची पूर्ण मेमरी नव्यात टाकली असेल तर इथे फार काम नाही. नसेल टाकली तर स्कॅनरमधून हाताने, आधी काढलेल्या फोटोंवरून, एकेक व्हॅल्यू भरायची. पेट्रोल का डिझेल, कारण आरपीएमचं स्केल वेगळं असतं. टाकीची साईझ, ही चुकली की काटा अजून पेट्रोल-डिझेल दाखवत असताना गाडी बंद पडू शकते. टायरची साईझ किंवा पल्सचा आकडा, ही चुकली की स्पीड आणि किलोमीटर दोन्ही चुकतात. मॅन्युअल का ऑटोमॅटिक, एबीएस आहे का, एअरबॅग किती, सर्व्हिस रिमाइंडर किती किलोमीटरला. एअरबॅग किंवा एबीएसचा दिवा पेटायला नको म्हणून ते फीचर "नाही" असं कोडिंग करून देणारे लोक आहेत, तसं करू नका आणि कुणाकडून करून घेऊ नका, तो दिवा पेटलाच पाहिजे.

चावीचं प्रत्येक कंपनीचं वेगळं. पोलो, व्हेंटो, रॅपिड या पिढीच्या गाड्यांत इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीविरोधी सिस्टिम) मीटरमध्येच आहे, नुसतं दुसरं मीटर लावलं की गाडी स्टार्ट होते आणि लगेच बंद पडते. तिथे जुनी मेमरी हलवणं किंवा गाडीचा गुप्त पिन नंबर टाकून मीटर आणि चाव्या गाडीशी जुळवणं (मॅचिंग), हे दोनच मार्ग. पिन वारंवार चुकला की सिस्टिम ठराविक वेळ लॉक होते, त्या वेळात इग्निशन ऑन ठेवून वाट बघावी लागते, म्हणजे परत तोच बॅटरीचा मुद्दा. मॅचिंगच्या वेळी गाडीच्या सगळ्या चाव्या हजर हव्यात, घरी राहिलेली दुसरी चावी नंतर चालत नाही. इतर बऱ्याच गाड्यांत हा हिशोब ईसीएम, बीसीएम किंवा वेगळ्या बॉक्समध्ये असतो, तिथे मीटर बदलल्याने चावीला काही होत नाही. हे काम करायच्या आधी आरसी आणि मालकाचं ओळखपत्र बघायचं, ओळखीचा माणूस असला तरी.

काटे

काटा उपटताना हात थरथरतो ते चांगलंच आहे. काढायच्या आधी डायलवर कागदी टेपचा बारीक तुकडा लावा, मीटरला टेबलावर सप्लाय द्या, काटे शून्यावर आले की टोक कुठे आहे तिथे टोकदार पेन्सिलने खूण करा. मग प्लास्टिकचा चमचा दोन्ही बाजूंनी काट्याच्या खाली घालून सरळ वर उचला, तिरकं ओढलं तर मोटरची पिन वाकते. मोटर संशयित असेल तर तिच्या दोन्ही कॉइल मोजा, एक्स२७ पद्धतीच्या मोटरला साधारण २८० ओहमच्या आसपास येतात, ओपन आली तर मोटर बदला. परत बसवताना सप्लाय द्या, मोटर स्वतः शून्यावर गेली की काटा खुणेवर ठेवून हलका दाबा, फार खोल नाही, डायलला घासतो. मग स्कॅनरमधून काट्यांची टेस्ट चालवा, ६० सांगितलं तर ६० वर गेला पाहिजे आणि परत शून्यावर आला पाहिजे.

गाडीत बसवून

पूर्ण स्क्रू न आवळता कपलर लावा, बॅटरी जोडा, इग्निशन ऑन करा. सगळे वॉर्निंग दिवे एकदा पेटून विझतायत का बघा, जो पेटलाच नाही तो लिहून घ्या. पूर्ण स्कॅन, कोड क्लिअर, परत स्कॅन. इंडिकेटर, अप्पर, हँडब्रेक, दरवाजा, सीटबेल्टचा आवाज, एकेक करून. मग आवळा.

मग रस्त्यावर. मी सकाळी लवकर त्र्यंबक रोडला नेतो, नाहीतर मुंबई-आग्रा हायवेला. मोबाईलचं जीपीएस लावून स्थिर ६० ला चालवा. मीटर खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये, थोडं जास्त चालतं. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाचं गणित असं आहे की खऱ्या स्पीडच्या दहा टक्के अधिक ४, एवढंच जास्त दाखवायला परवानगी, म्हणजे खऱ्या ६० ला ७० पर्यंत. एवढा फरक आला तरी मी टायर साईझचं कोडिंग परत तपासतो. किलोमीटरसाठी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड बघून दहा किलोमीटर जा आणि ट्रिपमीटरशी जुळवा. जुलै २०१९ नंतरच्या गाडीत ८० च्या वर स्पीड अलर्टचा आवाज यायला हवा, जुन्या गाडीचं मीटर लावलेलं असेल तर नेमका हाच गायब असतो. परत आल्यावर दहा मिनिटांनी एकदा अजून स्कॅन करा, चालताना आलेले कोड तेव्हा दिसतात.

शेवटी कागद. बिलावर चेसिस नंबर, जुन्या आणि नव्या मीटरचा पार्ट नंबर, बदलतानाचं रीडिंग, तारीख, सही-शिक्का, आणि हेच सर्व्हिस बुकमध्येही. त्याची एक कॉपी आणि दोन्ही फाईली माझ्याकडे राहतात, आणि जुनं मीटर पिशवीत घालून, वर गाडी नंबर लिहून मालकाच्या हातात.